ईव्ह ऑनलाइनमध्ये स्किल ट्रेनिंग लवकर कसं होईल? देवगडच्या खेळाडूला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. देवगडचा एक विद्यार्थी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, काही महिन्यांपासून ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातल्या जहाजांचा ऑनलाइन खेळ खेळतोय. खातं फुकटचं, म्हणजे अल्फा. पात्र कॅल्डारी वंशाचं, हत्यार क्षेपणास्त्रं, सध्या केस्ट्रेल हे छोटं जहाज (फ्रिगेट) उडवतो आणि डोळा आहे रेव्हन या बॅटलशिपवर. तो विचारतो, “दादा, स्किल शिकायला दिवसच्या दिवस लागतात. पावसात लाईट जाते, नेट जातं, तेव्हा तर सगळंच बंद. पुण्याचा मित्र म्हणतो इंजेक्टर घे. व्हॉट्सअ‍ॅपवर एक जण स्वस्तात इस्क (खेळातले पैसे) विकतोय, त्यातून इम्प्लांट घेऊ का? की दुसरं फुकट खातं उघडून दोन्हीकडे ट्रेनिंग लावू? सगळ्यात आधी काय करू?”

आधी काय करायचं ते सांगतो. ट्रेनिंगची रांग कधी रिकामी पडू देऊ नकोस, आणि लेव्हल ५ ची, म्हणजे प्रत्येक स्किलच्या शेवटच्या पायरीची, हाव सोड. या दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत, आणि बाकी सगळ्या युक्त्या एकत्र केल्या तरी या दोघींइतका वेळ वाचत नाही. इम्प्लांट, रीमॅप, बूस्टर, इंजेक्टर हे सगळं त्यानंतर, आणि साधारण याच क्रमाने. यातलं काय म्हणजे काय, ते पुढे एकेक करून सांगतो.

पावसाचं आधी मिटवू. तुझा निम्मा वैताग गैरसमजातून आलाय. ईव्हमधलं ट्रेनिंग तुझ्या कॉम्प्युटरवर चालतच नाही, ते सर्व्हरवर खऱ्या घड्याळाने चालतं. २००३ साली रेक्याविकच्या सीसीपी कंपनीने खेळ बाजारात आणला तेव्हापासून हीच रीत आहे. रांगेत स्किल लावून तू लॉगआउट झालास, लाईट गेली, टॉवर बंद पडला, तरी तिकडे मिनिटाला मिनिट पॉइंट जमा होत राहतात. रोज आपल्या दुपारच्या साडेचारला सर्व्हर थोडा वेळ बंद होतो, तेव्हाही ट्रेनिंगचं घड्याळ थांबत नाही. तुझ्या घरी बाग असेलच, म्हणून सांगतो: हापूसचं कलम तू शेजारी बसून राहिलास म्हणून लवकर वाढत नाही, पण कोणतं कलम कुठे लावायचं हे मात्र तुझ्याच हातात असतं.

नुकसान होतं ते रांग संपल्यावर. लाईट आठ तास गेली म्हणून नव्हे, तर लाईट गेली त्या वेळी रांगेत तासाभराचंच काम उरलं होतं म्हणून सात तास फुकट गेले. म्हणून सवय लाव: लॉगआउट होण्याआधी रांगेच्या शेवटी एक लांब पल्ल्याचं स्किल असलंच पाहिजे. दोन-दोन तासांची छोटी स्किलं घरी असताना, नेट चालू असताना उरकायची. आभाळ भरून आलं, किंवा परीक्षेचा आठवडा आला, की लांबडं स्किल शेवटी टाकायचं. अल्फाची रांग ओमेगापेक्षा, म्हणजे पैसे भरलेल्या खात्यापेक्षा, बरीच आखूड असते, त्यामुळे हे शेवटचं स्किल तुझ्यासाठी जास्तच महत्त्वाचं. गणपतीत आमच्या कॉर्पमधले, म्हणजे खेळातल्या आमच्या गटातले, मुंबईचे चाकरमानी गावी येतात तेव्हा पाच-सात दिवस कोणी लॉगिन होत नाही. जे शहाणे असतात ते निघायच्या आदल्या रात्री एखादं लेव्हल ५ लावून एसटीत बसतात.

आता वेग कुठून येतो ते बघ. प्रत्येक स्किलला दोन अ‍ॅट्रिब्यूट जोडलेली असतात, एक मुख्य आणि एक दुय्यम. मिनिटाला मिळणारे स्किल पॉइंट, म्हणजे एसपी, असतात मुख्य अ‍ॅट्रिब्यूट अधिक दुय्यमचा निम्मा. नव्या पात्राची इंटेलिजन्स, मेमरी, परसेप्शन आणि विलपॉवर २०-२० असतात, कॅरिज्मा १९. म्हणजे ओमेगा खात्यावर २० अधिक १०, मिनिटाला ३० एसपी. तासाला १,८००, दिवसाला ४३,२००. अल्फाला याच्या बरोबर निम्मे, तासाला ९००. पुढचे सगळे हिशोब मी ओमेगाच्या दराने करतो, तू वेळ दुप्पट धर.

दुसरी बाजू म्हणजे स्किल किती पॉइंट खातं. रँक १ च्या स्किलला लेव्हल १ साठी २५० एसपी लागतात, लेव्हल २ पर्यंत सुमारे १,४१४, लेव्हल ३ पर्यंत ८,०००, लेव्हल ४ पर्यंत ४५,२५५ आणि लेव्हल ५ पर्यंत २,५६,०००. रँक जितकी, तितक्या पटीने हे आकडे वाढतात. आता हे आकडे जरा थांबून बघ. शून्यापासून लेव्हल ४ पर्यंत जायला साधारण २५ तास. आणि ४ वरून ५ वर जायला २,१०,७४५ एसपी, म्हणजे ११७ तास, जवळजवळ पाच दिवस. एका स्किलच्या एकूण खर्चातला ८२ टक्के भाग एकट्या शेवटच्या पायरीवर जातो. बहुतेक स्किलं प्रत्येक लेव्हलला सारखाच फायदा देतात, बऱ्याचदा ५ टक्के. पहिली चार पावलं एका दिवसात, पाचवं पाच दिवसांत, आणि मिळणारं तेवढंच. त्याच पाच दिवसांत रँक १ ची चार नवी स्किलं शून्यावरून ४ वर नेता येतात आणि वर काही उरतं.

तुझ्या पाठवलेल्या यादीत मला सात स्किलं ५ वर दिसली. ‘फ्रिगेट ५’ रांगेत चालू आहे, आणि ढालीचं ‘शील्ड ऑपरेशन’ २ वर आहे. हे म्हणजे ट्रेनिंग हळू चाललेलं नाही, ट्रेनिंग भलतीकडे चाललंय. कॅल्डारी फ्रिगेटची रँक २ आहे, म्हणजे शेवटच्या पायरीला ४,२१,४९० एसपी. अल्फाच्या दराने साडेएकोणीस दिवस! एवढ्यात तुझं ढालीचं, वीजपुरवठ्याचं आणि कपॅसिटरचं (जहाजाच्या वीजसाठ्याचं) पायाभूत काम ३-४ लेव्हलवर येऊन उभं राहिलं असतं. आणि ते केस्ट्रेललाही लागलं असतं आणि उद्या रेव्हनलाही.

लेव्हल ५ कधी करायची? माझ्या मते तीनच वेळा. पहिली, जेव्हा पुढचं दार त्याशिवाय उघडतच नाही, म्हणजे टेक टू, वरच्या दर्जाचं, जहाज किंवा जहाजावर बसवायचं मॉड्यूल लेव्हल ५ मागतं आणि ते तुला याच महिन्यात वापरायचंय. दुसरी, सीपीयू मॅनेजमेंट आणि पॉवर ग्रिड मॅनेजमेंट. दोन्ही रँक १ ची, प्रत्येक लेव्हलला मॉड्यूल बसवायला ५ टक्के जास्त जागा देतात, आणि तुझ्या प्रत्येक जहाजाला आयुष्यभर लागू होतात. फिटिंग बसवताना मॉड्यूल एकतर बसतं किंवा बसत नाही, मधलं काही नसतं, म्हणून इथे शेवटच्या ५ टक्क्यांना वेगळीच किंमत आहे. तिसरी, ड्रोन्स नावाचं स्किल. त्याच्या प्रत्येक लेव्हलला एक ड्रोन जास्त उडवता येतो, म्हणजे ४ वरून ५ वर जाताना ड्रोनचा मारा सरळ चतुर्थांशाने वाढतो, आणि तेही रँक १ च्या भावात. बाकी सगळं ४ वर थांबव. कित्येक स्किलं तर ३ वरच ठेवली तरी चालतं.

रेव्हनचं सांगतो, कारण इथेच बहुतेक नवे खेळाडू फसतात. रेव्हनमध्ये नुसतं बसायला फारसं काही लागत नाही. कॅल्डारी फ्रिगेट ३, डिस्ट्रॉयर ३, क्रूझर ३, बॅटलक्रूझर ३, स्पेसशिप कमांड ४ आणि बॅटलशिप १. सगळे मिळून सुमारे १ लाख ६७ हजार एसपी. ओमेगावर चार दिवस, अल्फावर आठ. पण असं आठ दिवसांत मिळवलेलं रेव्हन घेऊन तू मिशनला गेलास तर तुझ्या क्षेपणास्त्रांना धार नसेल, ढाल पंक्चर असेल, कपॅसिटर दोन मिनिटांत संपेल, आणि महिन्याभराची कमाई एका स्फोटात जाईल. आमच्याकडे अशी घाई करणाऱ्याला म्हातारी माणसं एवढंच विचारतात, “घाई कशाक?”

याच्या उलट बघ. मिसाइल लाँचर ऑपरेशन, रॅपिड लाँच, मिसाइल प्रोजेक्शन, वॉरहेड अपग्रेड्स, टार्गेट नॅव्हिगेशन प्रेडिक्शन ही पूरक स्किलं जहाजाचा आकार बघत नाहीत. केस्ट्रेलच्या छोट्या रॉकेटला जी लागू होतात तीच कॅराकॅलच्या क्षेपणास्त्राला आणि तीच रेव्हनच्या क्रूझ मिसाइलला. ढाल, कपॅसिटर, नॅव्हिगेशन, टार्गेटिंगचंही तसंच. ही सगळी ३-४ वर आणायला जो वेळ जाईल त्यात तू केस्ट्रेल आणि मग कॅराकॅल उडव. कॅराकॅल साधं क्रूझर आहे, स्वस्त आहे, फुटलं तरी जीव जात नाही, आणि फ्लीटमध्ये, म्हणजे एकत्र लढणाऱ्या ताफ्यात, कोणी नाक मुरडत नाही. पाया तयार झाला की जहाजाची पायरी चार-आठ दिवसांची. पहिल्याच दिवशी बसशील ते रेव्हन खरोखर लढेल. पात्र ‘लवकर तयार झालं’ असं लोक ज्याला म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं.

याद्या कागदावर करू नकोस. खेळात स्किल प्लॅनची खिडकी आहे, तिथे जहाज टाकलं की लागणारी सगळी स्किलं क्रमाने येतात. फिटिंग तपासायला पायफा नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घे, ते नेटशिवाय चालतं. लाईट गेली आणि लॅपटॉपला चार्जिंग असलं की त्यात बसायचं आणि बघायचं, हे स्किल ४ वरून ५ केलं तर मारा नेमका किती वाढतो. बऱ्याचदा उत्तर इतकं छोटं येतं की लेव्हल ५ ची हाव आपोआप जाते.

मध्येच एक इशारा. जुनी मार्गदर्शनं वाचत असशील तर त्यात “आधी लर्निंग स्किलं पूर्ण करा” असं सापडेल. ती स्किलं डिसेंबर २०१० मध्ये खेळातून काढून टाकली. त्याआधी माणसं नुसतं लवकर शिकता यावं म्हणून कित्येक आठवडे शिकण्याचंच शिकत बसायची आणि कंटाळून सोडून जायची. तसंच “क्लोन (मेल्यावर मिळणारं नवं शरीर) अपग्रेड केला नाही तर मेल्यावर एसपी जातात” हेही जुनं, २०१४ च्या अखेरीस बंद झालं. वाचलेल्या गोष्टीवरची तारीख बघत जा.

आता रीमॅप. अ‍ॅट्रिब्यूटचे काही पॉइंट इकडून तिकडे हलवायची ही सोय. प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट किमान १७, कमाल २७, आणि वाटायला १४ पॉइंट. मुख्य २७ आणि दुय्यम २१ केलं की मिनिटाला ३०ऐवजी ३७.५ एसपी, म्हणजे २५ टक्के जास्त, आणि फुकट. ऐकायला झकास आहे. नव्या पात्राला दोन जादा रीमॅप मिळतात, शिवाय वर्षाला एक.

पण हे जितकं देतं तितकंच दुसरीकडून काढून घेतं. जहाजं, क्षेपणास्त्रं आणि तोफा परसेप्शन-विलपॉवरवर चालतात. ढाल, चिलखत, इंजिनिअरिंग, स्कॅनिंग, सायन्स ही इंटेलिजन्स-मेमरीवर. तू परसेप्शन २७, विलपॉवर २१ केलंस आणि मग ढालीचं स्किल लावलंस, तर वेग पडतो २५.५ वर, न हलवलेल्या ३० पेक्षाही खाली. तुझ्या यादीतले अर्धे पॉइंट जहाज-क्षेपणास्त्रांत आणि अर्धे ढाल-इंजिनिअरिंगमध्ये असतील तर सरासरी वेग येतो सुमारे ३०.४. म्हणजे वर्षभराचा रीमॅप वापरून कमावलं जवळजवळ शून्य! नव्या खेळाडूच्या यादीत नेमकी अशीच अर्धी-अर्धी वाटणी असते, कारण त्याला सगळ्यातलं थोडं थोडं लागतं. म्हणून पहिले काही महिने रीमॅपला हात लावायचा नाही. पायाभूत स्किलं झाली, आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांच्या यादीतलं तीन-चतुर्थांशाच्या वर एकाच जोडीत आहे असं दिसलं, की मग बेधडक कर.

ड्रोनची मेमरी-परसेप्शन आणि नॅव्हिगेशनची इंटेलिजन्स-परसेप्शन अशी मिश्र जोडी असते, ती दोन्ही रीमॅपमध्ये फार मार खात नाही. कॅरिज्माची स्किलं मात्र कुठल्याच रीमॅपमध्ये बसत नाहीत, आणि कॅरिज्मासाठी मुद्दाम रीमॅप करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

कॅरिज्माचं औषध वेगळं आहे. खेळात बक्षीस म्हणून, रोजची छोटी उद्दिष्टं पुरी केली म्हणून, सणासुदीच्या इव्हेंटमध्ये जे मोकळे एसपी मिळतात, त्यांना अ‍ॅट्रिब्यूटचं बंधन नसतं. ते हातचे राखून ठेव आणि तुझ्या रीमॅपमध्ये जी स्किलं सगळ्यात हळू शिकतात तिथेच ओत. हिशोब सोपा आहे: १ लाख मोकळे एसपी ३७.५ च्या स्किलवर टाकलेस तर ४४ तास वाचले, २५.५ च्या स्किलवर टाकलेस तर ६५. पॉइंट तेच, वाचलेला वेळ दीडपट. बहुतेक जण मिळाले की लगेच समोर चालू असलेल्या स्किलमध्ये ढकलून मोकळे होतात.

हो, आणि तुझा जो मित्र आता खेळायला सुरुवात करणार आहे म्हणतोस, त्याला थेट खातं उघडू देऊ नकोस. तुझ्या आमंत्रणाच्या लिंकवरून आला तर त्याला सुरुवातीलाच १० लाख एसपी मिळतात. अल्फाच्या दराने हे दीड महिन्याचं ट्रेनिंग आहे. खातं एकदा उघडल्यावर ही संधी गेली.

इम्प्लांटबद्दल लोक फार भावनेच्या भरात बोलतात, म्हणून आकडे देतो. पात्राच्या डोक्यात अ‍ॅट्रिब्यूटसाठी पाच खाचा, प्रत्येक खाच एका अ‍ॅट्रिब्यूटची, इम्प्लांट +१ पासून +५ पर्यंत. न हलवलेल्या अ‍ॅट्रिब्यूटवर +३ ची जोडी लावली की ३०चे ३४.५ होतात, म्हणजे १५ टक्के. +४ ला ३६, +५ ला ३७.५. आता मेख. +३ साठी सायबरनेटिक्स स्किलची लेव्हल १ पुरते, म्हणजे काही मिनिटांचं काम. +४ साठी लेव्हल ४ लागते आणि +५ साठी लेव्हल ५, आणि हे स्किल रँक ३ चं आहे. लेव्हल ४ पर्यंत सुमारे १ लाख ३५ हजार एसपी. +३ वरून +४ वर गेल्याने दिवसाला २,१६० एसपी जादा मिळतात. म्हणजे नुसतं मुद्दल फिटायला दोन महिने. लेव्हल ५ ला आणखी ६ लाख ३२ हजार, त्यातून पुन्हा तेवढेच २,१६० जादा. फेड किती दिवसांत? २९३. जवळजवळ दहा महिने तू ‘वेगाने शिकण्यासाठी’ उलट मागेच असशील, आणि तोवर एकदा जरी पॉड, म्हणजे जहाज गेल्यावर तू ज्यातून निसटतोस ती कुपी, फुटला तरी महागडं +५ गेलं.

तर नव्या माणसाला +३, बस्स. आणि तेही पाचही नकोत. पुढचे दोन महिने ज्या जोडीवर काम चाललंय तिचे दोनच घे. क्षेपणास्त्रं-जहाजं चालू असतील तर परसेप्शनचं आणि विलपॉवरचं, खाच १ आणि ३. ढाल-इंजिनिअरिंगकडे वळलास की खाच २ आणि ४ ची मेमरी आणि इंटेलिजन्स. कॅरिज्माचं कशाला घ्यायचं?

इम्प्लांटचं खरं दुखणं पैशाचं नाही. डोक्यात महागडी वस्तू बसली की माणूस स्टेशनच्या बाहेरच पडत नाही. १५ टक्के जास्त शिकायला मिळावं म्हणून शंभर टक्के खेळ सोडून देणारे आमच्या कॉर्पमध्ये आहेत, नावं घेत नाही. त्यावर उपाय जंप क्लोन, म्हणजे उडी मारून जाता येईल असं दुसरं शरीर. एक क्लोन इम्प्लांटसकट सुरक्षित स्टेशनात, अभ्यासाचा. दुसरा रिकाम्या डोक्याचा, मारामारीचा. फायदा फक्त ज्या क्लोनमध्ये तू आहेस त्याच्याच इम्प्लांटचा मिळतो. एकदा उडी मारली की दुसरी उडी २४ तासांनी, इन्फोमॉर्फ सिंक्रोनायझिंग स्किलने दर लेव्हलला एक तास कमी होतो. आठवडाभर कॉलेज असताना अभ्यासाच्या क्लोनमध्ये पड, शनिवारी फ्लीट असेल तर शुक्रवारी रात्री उडी मार.

सेरेब्रल अ‍ॅक्सिलरेटर, ज्याला सगळे नुसतं बूस्टर म्हणतात, ते काही काळापुरतं पाचही अ‍ॅट्रिब्यूट वाढवतं. हिवाळ्याच्या किंवा हॅलोविनच्या इव्हेंटमध्ये ही मिळतात आणि बाजारातही येतात. किंमत योग्य आहे का, हे ठरवायची रीत अशी: बूस्टर जितके पॉइंट देतं त्याची दीडपट कर, तेवढे एसपी मिनिटाला जादा मिळणार. समजा +१० चं बूस्टर २४ तासांसाठी आहे. १५ गुणिले १,४४० मिनिटं, म्हणजे २१,६०० एसपी. अल्फाला निम्मे. मग बाजारात इंजेक्टरचा भाव बघून एका एसपीला किती इस्क पडतात ते काढ आणि दोन्ही ताडून बघ. बायोलॉजी स्किलच्या दर लेव्हलला बूस्टरचा अवधी २० टक्के वाढतो, ५ ला दुप्पट. तीन लेव्हलपर्यंत बायोलॉजी करून मगच बूस्टर घे. दोन गोष्टी सांभाळ. बूस्टरचं घड्याळही खऱ्या वेळेने चालतं, म्हणून रांग भरलेली असतानाच घ्यायचं. आणि इव्हेंटच्या बूस्टरवर शेवटची तारीख असते. साठवून ठेवलेली औषधं वाया जातात तशी ही पेटीच्या पेटी वाया गेलेली मी पाहिली आहे.

आता पुण्याच्या मित्राचा इंजेक्टर. हा काही चमत्कार नाही. २०१६ मध्ये खेळात आला. कोणीतरी आपल्या पात्राच्या डोक्यातून ५ लाख एसपी काढून विकतो, तू विकत घेऊन आपल्या डोक्यात घालतोस. गंमत म्हणजे जितका जुना खेळाडू तितकी गळती जास्त. एकूण ५० लाखांच्या आत असशील तर पुरते ५ लाख मिळतात. ५० लाख ते ५ कोटींत ४ लाख, ८ कोटींपर्यंत ३ लाख, त्यापुढे फक्त दीड लाख. छोटा इंजेक्टर याच्या एक-पंचमांश. म्हणजे हिशोबाने तुझ्यासारख्या नव्यालाच तो सगळ्यात फायद्याचा, अल्फाच्या दराने तेवीस दिवस एका क्लिकमध्ये. मित्र त्या अर्थाने खोटं बोलत नाही.

तरी मी सांगेन, मोठा घेऊ नकोस. तुझ्या यादीची आज जी अवस्था आहे, त्यात ५ लाख एसपी आणखी एका लेव्हल ५ मध्ये जातील. यादी नीट झाल्यावर, एखादं स्किल अडून बसलंय आणि रविवारच्या फ्लीटला ते हवंच आहे, अशा वेळी छोटा इंजेक्टर, १ लाख एसपीचा, खेळात कमावलेल्या इस्कमधून घे. घरच्या रुपयांतून नको. आणि काही गोष्टी इंजेक्टरने येतच नाहीत: डी-स्कॅन (आसपास कोणती जहाजं आहेत ते दाखवणारा स्कॅनर) वाचणं, गेटवर कधी थांबायचं, कधी पळायचं. कोटी एसपीचं पात्र विकत घेऊन पहिल्या आठवड्यात बॅटलशिप गमावणारे लोक रोज दिसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या माणसाला मात्र आजच ब्लॉक कर. बाहेरून रुपये देऊन इस्क घेणं नियमाविरुद्ध आहे. असा पैसा पकडला गेला की वॉलेटमधून काढून घेतात, तू खर्च केला असशील तर वॉलेट उणे होतं, आणि खात्यावर बंदी येऊ शकते. तो इस्क बहुतेकदा बॉटने किंवा चोरलेल्या खात्यातून आलेला असतो. ‘मी तुझं पात्र लॉगिन करून वाढवून देतो’ म्हणणाराही त्याच माळेतला, पासवर्ड कोणाला द्यायचा नाही.

ओमेगा घ्यावा का? अल्फाचं ट्रेनिंग ५० लाख एसपीला आपोआप थांबतं, तोवर घाई नाही. मासिक दर २०२२ मध्ये १४.९९ डॉलरवरून १९.९९ डॉलर झाला, कॉलेजच्या पोराला हा काही छोटा खर्च नाही. घ्यायचाच असेल तर सुट्टीतला एक महिना घे, परीक्षेचा नको. ओमेगाच्या ३० दिवसांत सुमारे १३ लाख एसपी होतात, अल्फाच्या साडेसहा लाखांच्या जागी. पण त्या महिन्यात फक्त ओमेगालाच वापरता येतील अशी स्किलं शिकू नकोस. मुदत संपली की ती पुसली जात नाहीत, पण कुलूपबंद होतात, आणि तुझा महिना कुलपात जातो. जी स्किलं अल्फालाही चालतात तीच दुप्पट वेगाने करून घे. इस्क कमावून, त्यातून ५०० प्लेक्स (खेळातलं दुसरं चलन) घेऊन ओमेगाचा महिना विकत घेता येतो हे खरं, पण नव्या पात्राने तेवढी कमाई करायला बसणं म्हणजे खेळ सोडून नोकरी धरणं.

तर तुझ्यापुरतं: आज रात्री ‘फ्रिगेट ५’ रांगेतून काढ. अर्धवट झालेले पॉइंट जात नाहीत, तिथेच थांबून राहतात. सीपीयू आणि पॉवर ग्रिड ४ वर, ढालीची तीन-चार स्किलं ३ वर, कपॅसिटरची दोन्ही ३ वर, मग क्षेपणास्त्रांची पूरक स्किलं ३ वर, मग हीच फेरी ४ साठी. मध्ये क्रूझर ३ करून कॅराकॅल घे. सायबरनेटिक्स १ करून +३ ची एक जोडी बसव. रीमॅप तसाच राहू दे. सीपीयू ५ आणि पॉवर ग्रिड ५ गणपतीसाठी राखून ठेव, तेव्हा तसंही तू भजनात असशील.

राहिलं दुसरं फुकट खातं. अल्फा खातं दुसऱ्या कुठल्याही खात्याबरोबर एकाच वेळी लॉगिन करायला परवानगी नाही, तेव्हा दोन्ही जहाजं एकदम उडवायचा विचार सोड. त्या दुसऱ्या पात्राचं ट्रेनिंग तू नसताना चालू राहील, पण ते पॉइंट तुझ्या मुख्य पात्राकडे आणता येणार नाहीत. एसपी काढून घ्यायला त्या पात्राकडे आधी ५५ लाख असावे लागतात आणि अल्फाचं ट्रेनिंग ५० लाखांवरच थांबतं. एकाच खात्यावर तीन पात्रं करता येतात, पण ट्रेनिंग एका वेळी एकाचंच. दुसरं पात्र करायचंच असेल तर बाजारात भाव बघायला आणि माल विकायला जिता किंवा तशाच मोठ्या बाजाराच्या स्टेशनात उभं करून ठेव. त्याला ट्रेनिंगचे दोन-चार दिवस पुरतात.